सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर : सुटे भाग बदलणे

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक बारापूर्वी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो; चाप केवळ तो सोडतो. अशा रिव्हॉल्व्हरचे झिजलेले किंवा न रुचणारे भाग काढून नवे भाग घरीच बसवण्याचा छंद मुख्यतः अमेरिकेत रुजला आहे. तेथील १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार रिव्हॉल्व्हरच्या भागांपैकी फक्त सांगाडा शस्त्र मानला जातो, त्यामुळे घोडा, चाप, स्प्रिंगा आणि मूठ बहुतेक ठिकाणी टपालाने मागवता येतात. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ मधील शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात आणि शस्त्रांच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो.

या छंदाचा मूळ नमुना म्हणजे कोल्ट कंपनीचे १८७३ चे 'सिंगल ॲक्शन आर्मी'. उबेर्ती आणि पिएत्ता या इटालियन कारखान्यांच्या प्रतिकृती त्याच रचनेवर बेतलेल्या आहेत. घोडा मागे जाताना त्याला जोडलेली 'हँड' ही पट्टी काडतुसांचे कप्पे असलेल्या सिलिंडरच्या मागील दात्याला ढकलून सिलिंडर एक कप्पा फिरवते आणि 'बोल्ट' हा लहान अडसर सिलिंडरवरील खाचेत पडून ते नळीच्या रेषेत रोखून धरतो. भाग मोजके असल्याने काम सोपे वाटते. पण हे भाग यंत्रावर तयार होऊनही शेवटी कारागिराच्या हाताने एकमेकांना जुळवले जात, म्हणून एकाच नमुन्याचा नवा भागही जसाच्या तसा बसेल याची खात्री नसते.

सर्वांत सोपा बदल स्प्रिंगांचा. मूळ रचनेत चाप आणि बोल्ट या दोघांना ताण देणारी दोन पायांची सपाट स्प्रिंग असते व ती मोडण्याबद्दल प्रसिद्ध आहे. तिच्याऐवजी तारेची स्प्रिंग बसवली की ही तक्रार बहुधा मिटते. घोड्याची मुख्य स्प्रिंग हलकी केल्यास घोडा ओढायला सोपा जातो, परंतु ती फार हलकी झाली तर काडतुसाच्या टोपीवर पुरेसा आघात होत नाही आणि बार चुकतो. स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा, समांतर पात्याचा स्क्रूड्रायव्हर वापरणे ही पहिली अट आहे, कारण निमुळत्या पात्याने खाचेच्या कडा उचकटतात.

हँड किंवा बोल्ट बदलताना खरी परीक्षा होते. रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री करून घोडा अतिशय सावकाश ओढला असता, घोडा पूर्ण मागे जाऊन अडकतो त्याच सुमारास बोल्ट खाचेत पडला पाहिजे. बोल्ट लवकर पडत असेल तर तो सिलिंडरवर घासून वर्तुळाकार रेघ उमटवतो. हँड आखूड असेल तर सिलिंडर पूर्ण फिरत नाही, कप्पा नळीशी जुळत नाही आणि गोळीच्या शिशाचे कपटे फटीतून बाजूला उडतात. त्यामुळे हँड थोडी लांबच घेऊन कानशीने अगदी बेताने घासत जुळवतात. जास्त घासली गेलेली पट्टी पुन्हा सहज लांब करता येत नाही.

घोड्यावरील खाचा आणि चापाचे टोक यांना घरी कानस न लावणेच इष्ट. तेथील कोन किंचित बिघडला तरी ओढलेला घोडा चाप न दाबता सुटू शकतो. जुन्या रचनेतील सुरक्षा खाच, म्हणजे घोड्याला काडतुसापासून किंचित मागे अडकवून ठेवणारी खाच, मुळातच नाजूक असून घोड्यावर आघात झाल्यास तुटू शकते. म्हणूनच सहा कप्प्यांत पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवण्याची रीत पडली.

रूगर कंपनीने १९५३ च्या 'सिंगल सिक्स'पासून सपाट स्प्रिंगांऐवजी गुंडाळी स्प्रिंगा वापरल्या. तिच्या मुख्य स्प्रिंगच्या दांड्याला एक छिद्र असते. घोडा ओढून त्यात बारीक खिळा अडकवला की दाबलेली स्प्रिंग सुटत नाही आणि मूठ निर्धास्तपणे उतरवता येते. १९७३ मध्ये कंपनीने 'ट्रान्स्फर बार' आणला. चाप दाबलेला असतानाच ही पट्टी घोड्याचा आघात काडतुसाला ठोकणाऱ्या फायरिंग पिनपर्यंत पोहोचवते, त्यामुळे सहाही कप्पे भरता येतात. त्याआधीच्या रिव्हॉल्व्हरना तशीच सुरक्षा कंपनी विनामूल्य बसवून देते, पण हे काम कारखान्यातच होते, त्याचे भाग घरी बसवण्यासाठी विकले जात नाहीत. काढलेले जुने भाग मालकाला परत मिळतात आणि संग्राहक ते जपून ठेवतात, कारण मूळ भागांसह असलेल्या रिव्हॉल्व्हरला अधिक किंमत येते.