इंग्रजी वाक्यातील शब्दांच्या जाती

इंग्रजी वाक्यातला एखादा शब्द नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय आणि केवलप्रयोगी अव्यय यांपैकी कशात मोडतो, हे ठरवणे म्हणजे त्याची जात ओळखणे. मराठी व्याकरणातही याच आठ जाती शिकवतात, म्हणून हे काम ओळखीचे वाटते. मात्र जात ओळखण्याच्या खुणा दोन्ही भाषांत सारख्या नाहीत.

मराठीत शब्दाचे रूपच पुष्कळ काही सांगून जाते. ‘घराला’, ‘घरात’ हे शब्द वाक्यात कुठेही ठेवले तरी नामच राहतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही प्रत्यय विपुल होते. पुढच्या शतकांत त्यांतले बहुतेक झिजून गेले आणि शब्दाची वाक्यातली जागा महत्त्वाची ठरू लागली. ‘राउंड’ हा एकच शब्द पाहा. ‘अ राउंड टेबल’मध्ये तो विशेषण, ‘द फायनल राउंड’मध्ये नाम, ‘दे राउंडेड द कॉर्नर’मध्ये क्रियापद, ‘शी टर्न्ड राउंड’मध्ये क्रियाविशेषण, तर ‘वी सॅट राउंड द फायर’मध्ये शब्दयोगी अव्यय. म्हणून सुटा शब्द देऊन त्याची जात विचारणे हा प्रश्नच अपुरा आहे.

मराठी विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी फसगत भाषांतरामुळे होते. ‘आय ॲम हंग्री’ म्हणजे ‘मला भूक लागली आहे’. मराठीतली ‘भूक’ नाम आहे, म्हणून ‘हंग्री’लाही नाम म्हणण्याचा मोह होतो, पण ते विशेषण आहे. ‘ही इज अफ्रेड’चे मराठी ‘तो घाबरला आहे’ असे क्रियापदाने होते, पण ‘अफ्रेड’ विशेषणच. ‘ही इज लेट’मधल्या ‘लेट’ची गतही तीच, कारण आपण ‘उशीर झाला’ म्हणतो. अर्थ मराठीतून समजून घ्यावा. जात मात्र इंग्रजी वाक्यातच शोधावी.

त्यासाठी शब्दाला तपासून पाहण्याच्या काही साध्या युक्त्या आहेत. आधी ‘द’ लावता आले आणि अनेकवचन झाले, तर शब्द बहुधा नाम. आधी ‘व्हेरी’ बसले तर विशेषण किंवा क्रियाविशेषण. ‘ॲन इंटरेस्टिंग बुक’ला ‘व्हेरी’ जोडता येते, म्हणून तिथे ‘इंटरेस्टिंग’ विशेषण. ‘द बेबी इज स्लीपिंग’मध्ये ‘व्हेरी’ खपत नाही, कारण ‘स्लीपिंग’ क्रियापदाचे रूप आहे. केवळ शेवटावर मात्र विसंबू नये. ‘ली’ने संपणारा ‘फ्रेंडली’ विशेषण आहे, आणि ‘ही वर्क्स हार्ड’मधला ‘हार्ड’ ‘ली’ नसतानाही क्रियाविशेषण. तिथे ‘हार्डली’ घातले तर ‘तो जेमतेमच काम करतो’ असा भलताच अर्थ होतो.

जागा बदलून पाहण्याची युक्ती त्याहून बारीक आहे. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ ही वाक्ये वरवर एकसारखी दिसतात. दुसऱ्यात ‘ही रॅन अ बिल अप’ असे चालते, कारण ‘अप’ क्रियापदाशी जोडलेला आहे आणि दोन्ही मिळून ‘बिल वाढवून ठेवले’ असा अर्थ होतो. पहिल्यात ‘अप’ टेकडीशी बांधलेला शब्दयोगी आहे. तो तसा मागे सरकवता येत नाही. इथे मराठीशी उलटा क्रमही ध्यानात ठेवावा लागतो: आपले शब्दयोगी अव्यय नामानंतर येते, इंग्रजीतले बहुधा आधी.

आठ हा आकडा इंग्रजीतून निघालेला नाही. ग्रीक वैयाकरण डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावे असलेल्या व्याकरणात आठ जाती होत्या, पण त्यांत विशेषण स्वतंत्र नव्हते. ते नामातच धरले जाई. लॅटिनमध्ये ‘द’सारखे उपपद नसल्याने तिथल्या वैयाकरणांनी ती जात गाळली आणि केवलप्रयोगी अव्यय वेगळे मोजले. इंग्रजीत ‘द’ आणि ‘अ’ आहेत, तरी आठांच्या चौकटीत त्यांना घर नाही. शाळेत ती विशेषणांत ढकलतात, पण ‘व्हेरी द’ असे कोणी म्हणत नाही. आधुनिक व्याकरणे त्यांना ‘धिस’, ‘माय’, ‘एव्हरी’ यांच्यासोबत ‘डिटर्मिनर’ या वेगळ्या वर्गात ठेवतात, आणि ते अधिक पटण्याजोगे आहे. संगणकाला इंग्रजी शब्दांच्या जाती लावायला शिकवताना वापरलेल्या ‘पेन ट्रीबँक’ या वाक्यसंग्रहात, विरामचिन्हे सोडून, जाती दाखवणाऱ्या ३६ खुणा आहेत.