हात थरथरणे म्हणजे कंपवातच नव्हे

हात थरथरू लागला की घरोघरी एकच निदान ठरलेले असते: कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स. ही समजूत चुकीची आहे. कंपवातापेक्षा अधिक लोकांना ‘इसेन्शियल ट्रेमर’ हा कंपाचा वेगळाच विकार असतो, आणि तो पुष्कळदा आनुवंशिक असल्याने काही घरांत आजोबा, वडील आणि मुलगा अशा तिघांच्याही हातातली कपबशी वाजते. पार्किन्सन्समधील कंप मांडीवर स्वस्थ ठेवलेल्या हाताला, बहुधा एकाच बाजूने सुरू होतो आणि अक्षर बारीक होत जाते. इसेन्शियल ट्रेमरमध्ये मात्र कप ओठांशी नेताना हात थरथरतात व अक्षर मोठे, नागमोडी उमटते. शिवाय पार्किन्सन्सच्या काही रुग्णांना कंप मुळीच नसतो.

तरुण वयात कंप सुरू झाल्यास विल्सन्स डिसीजचा विचार झालाच पाहिजे, कारण एटीपी७बी जनुकातील दोषामुळे यकृतात व मेंदूत तांबे साठवणाऱ्या या आजारावर औषधे आहेत, आणि ती वेळेत सुरू करून आयुष्यभर घेतल्यास पुढची हानी बहुतांशी रोखता येते. अशा मुलाला ‘घाबरट’ म्हणून गप्प बसवणे मला अक्षम्य वाटते. त्याच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते.