टीएसएच वाढला म्हणून आयोडीन?

रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन; ग्रंथी कमी पडली की ते वाढतं) वाढलेला दिसला की सोसायटीतलं कुणीतरी सांगतंच, "आयोडीन कमी पडत असेल, केल्पच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, गोळ्या घेऊन बघ." सल्ला वरवर पटतो. थायरॉइडच्या मुख्य हार्मोनच्या, म्हणजे थायरॉक्सिनच्या, एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीनच नसेल तर हार्मोन तयार होणार कशातून? पण मुंबईतल्या बहुतेक घरांत त्याची टंचाई नाहीच.

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. नियमाप्रमाणे दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असायला हवं. आपलं रोजचं मीठ (खरं तर ते कमीच करायला हवं), वर दूध, अंडी, मासळी. गरज सहसा भागते.

"आपलं मीठ समुद्राचंच, त्यात आयोडीन असणारच," हा समज मात्र खोटा. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन जेमतेम ६० मायक्रोग्रॅम. ते सगळंच्या सगळं मिठात उतरलं तरी ग्रॅमला दोनसुद्धा भरत नाहीत. मिठागरातल्या खड्या मिठाची ही गत. उपासाच्या सैंधवातही ते नगण्यच. म्हणून तर कारखान्यात पोटॅशियम आयोडेट मुद्दाम घालतात. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामींनी असं मीठ वाटून पाहिलं, गलगंड कमी झाले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

मग टीएसएच वाढतो कशाने? आपल्याकडे बरेचदा हाशिमोटोच्या आजाराने. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते. आयोडीन ओतून ती आवरत नाही. उलट एकदम जास्त आयोडीन आलं की ग्रंथी हार्मोन बनवणंच थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ या संशोधकांनी १९४८ मध्ये हे उंदरांत दाखवलं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत पूर्ववत होते, हाशिमोटोने आधीच पोखरलेली तशीच अडकून पडू शकते. थायरॉइडमध्ये जुन्या गाठी असलेल्यांना याच्या उलट त्रास होऊ शकतो: हार्मोन बेसुमार वाढतं, छाती धडधडू लागते.

समाजमाध्यमांवर गाजणाऱ्या लुगोलच्या द्रावणाचंच (पाण्यात विरघळवलेलं आयोडीन) बघा. पाच टक्के द्रावणाच्या एका थेंबात सुमारे ६ मिलिग्रॅम आयोडीन, म्हणजे चाळीस दिवसांची गरज एका घोटात! थायरॉइडच्या काही शस्त्रक्रियांआधी सर्जन ते देतात, पण मोजके दिवस आणि देखरेखीखाली. केल्पच्या गोळ्यांत तर किती आयोडीन निघेल, याचा भरवसा नाही.

गरोदरपणात गरज २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. घरात फक्त सैंधवच वापरत असाल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला कळवा, कारण काही चाचण्यांत त्याने टीएसएच खोटाच कमी दिसतो.