कृष्णा, सावित्री आणि बुडालेला किनारा

महाबळेश्वरच्या एकाच पठारावरचा पाऊस दोन समुद्रांना मिळतो. सावित्री पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत उतरते. कृष्णा वाई, कराड, सांगली मागे टाकत सुमारे १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. दोघींचा गाळ जिथे पोचतो, त्या समुद्रबूड जमिनीचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाचा, इतिहास म्हणूनच आपल्याही घरचा आहे.

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवर बर्फाचे अवाढव्य थर साचले होते आणि ते पाणी समुद्रातूनच गेलेलं होतं. बर्फ साठला की समुद्र उतरणार, हा तर्क स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅक्लॅरन यांनी १८४२ सालीच मांडला. भरवशाचा आकडा हाती यायला जवळपास दीडशे वर्षं लागली. १९८९ मध्ये रिचर्ड फेअरबँक्स यांनी बार्बाडोसजवळच्या बुडालेल्या प्रवाळांवरून दाखवलं, की तेव्हाची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२१ मीटर खाली होती. पुढे समुद्र चढला तोही एका गतीने नाही. साधारण साडेचौदा हजार वर्षांपूर्वी तर काही शतकांतच तो पंधरा मीटरांहून जास्त वर आला. ७ हजार वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक चढ संपला होता.

मुंबईसमोर समुद्रबूड जमीन जवळपास ३०० किलोमीटर रुंद आणि अगदी मंद उताराची आहे. पाणी १२० मीटर उतरलं तेव्हा तिचा बहुतेक भाग उघडा पडला. बाणकोटला संपणाऱ्या सावित्रीला तेव्हा समुद्र गाठायला आणखी कितीतरी पश्चिमेला जावं लागलं असणार. कोकणातल्या आजच्या खाड्या म्हणजे अशाच नद्यांची, पाणी परत चढल्यावर बुडालेली खोरी.

गाळाची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. किनाऱ्याजवळ जाड वाळू आणि आत जावं तसा बारीक गाळ, अशी जुनी समजूत होती. फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३२ मध्ये सागरी नकाशांवरच्या तळाच्या नोंदी तपासून ती खोडून काढली. १९६८ मध्ये के. ओ. एमरी यांनी अंदाज मांडला, की जगभरच्या समुद्रबूड जमिनीचा सुमारे ७० टक्के भाग जुन्या, उतरलेल्या समुद्राच्या काळातल्या गाळाने झाकलेला आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हेच दिसतं. किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात नद्यांनी आणलेला चिखल आहे. पन्नास-साठ मीटर खोलीच्या पलीकडे मात्र चुन्याची वाळू लागते आणि तिच्यात ऊइड नावाचे राजगिऱ्याएवढे गोल कण सापडतात. कण चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर एका केंद्राभोवती चुन्याचे पातळ थर एकावर एक चढलेले दिसतात. हे थर उथळ, उबदार, सतत हलणाऱ्या पाण्यातच बसतात. म्हणून इतक्या खोलवर पडलेला ऊइड, एकेकाळी किनारा तिथेच होता याची साक्ष देतो.

भारत आणि श्रीलंका यांच्यामधली पाल्कची सामुद्रधुनी इतकी उथळ, की हिमयुगात तिथे रुंद भूसेतू होता. तरीही २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की सह्याद्री आणि श्रीलंकेतले बेडूक, गोड्या पाण्यातले खेकडे, काही साप यांची वंशावळ बरीच वेगवेगळी राहिली. भूसेतूवरचा सखल मुलूख कोरडा होता, ओल्या जंगलातल्या जिवांना तो ओलांडता आला नसावा. कास आणि कोयनेचं जंगल जपताना हे ध्यानात ठेवावं. इथली जात गेली तर तिची जागा भरायला श्रीलंकेतून कुणी येणार नाही.

सांगलीकडच्या कृष्णाकाठच्या मळीच्या जमिनीचा संबंध मात्र समुद्राच्या पातळीशी थेट जोडू नये. समुद्र उतरला की नदी मुखाजवळचा तळ खोदते. हजारभर किलोमीटर आत, कठीण खडकांच्या पायऱ्या ओलांडून तो परिणाम पोचत नाही. इथे हिशेब पावसाचा: हिमयुगात नैर्ऋत्य मोसमी वारे कमजोर होते, नंतर त्यांनी जोर धरला आणि नदीचं वागणं बदललं.

आता समुद्र पुन्हा चढतो आहे, आणि वाईच्या वर धोमला, पुढे अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागरला कृष्णेचा गाळ अडतो. तिच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश काही ठिकाणी झिजू लागला आहे.