आजारी माणूस घरात की घराबाहेर? गृह विलगीकरणाच्या वादाची पार्श्वभूमी

२५ मे २०२१ रोजी महाराष्ट्र सरकारने १८ जिल्ह्यांतलं गृह विलगीकरण बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा कोविडची दुसरी लाट ओसरायला लागली होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सोलापूर, बीड अशा ज्या जिल्ह्यांत बाधितांचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त होतं, तिथल्या नव्या रुग्णांनी घरी न राहता कोविड केंद्रात दाखल व्हायचं, असा त्याचा अर्थ. वर्षभर ज्यांना ‘घरीच राहा’ सांगितलं, त्यांना एका संध्याकाळी ‘घरी राहू नका’ ऐकावं लागलं. त्यावरून झालेला गदारोळ समजून घ्यायचा तर आधीचं थोडं बघावं लागेल.

साथीत आजारी माणसावर पहिला हक्क घराचा की सरकारचा, हे भांडण आपल्याकडे जुनं आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरं तपासून माणसं छावण्यांत हलवली. त्या जाचाचा शेवट त्याच वर्षी २२ जूनला गणेशखिंडीत कसा झाला, हे शाळेतच शिकवतात. त्यामानाने कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे लोक तेव्हा आजारी माणूस लपवायचे. माळ्यावर, अडगळीत, जिथे जमेल तिथे. गावाकडे उलट, अख्खं गावच घरं सोडून रानात झोपड्या टाकून राहायचं. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत तर कुणी कुणाला हलवायचा प्रश्नच उरला नाही. घरातले सगळेच एकदम आडवे, आणि जो उठून बसू शकेल त्याने पेज करायची.

मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला गेला, पण आता उलट कामासाठी. परदेशातून आलेल्यांना घरातच ठेवायचं होतं. त्यासाठी डाव्या हातावर निवडणुकीतल्या शाईने शिक्का मारण्याची पद्धत सुरू झाली. मुंबईतल्या शिक्क्यावर मुंबईकरांचं रक्षण करत असल्याचा अभिमान छापलेला होता. लोकांनी तो वाचला मात्र गुन्हेगाराच्या खुणेसारखा. शिक्का असलेले चार प्रवासी गरीबरथमध्ये सापडले आणि पालघरला गाडी थांबवून त्यांना उतरवलं गेलं. टाळेबंदी लागायला तेव्हा आठवडाही उरला नव्हता.

पहिले काही आठवडे चाचणी पॉझिटिव्ह आली की लक्षणं असोत वा नसोत, रुग्णवाहिका दारात यायची. त्यामुळे ‘घरी काळजी घ्या’ हा सल्ला मुळात धडधाकट माणसांसाठी होता. ३१ मार्च २०२० ला केंद्राच्या पारंपरिक औषधांच्या खात्याने जी यादी काढली, ती पाहिली की हे लगेच कळतं. दिवसभर गरम पाणी, अर्धा तास योगासनं, सकाळी १० ग्रॅम च्यवनप्राश, १५० मिली दुधात अर्धा चमचा हळद. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा दिवसातून एकदोनदा. नाकपुड्यांना तीळ किंवा खोबऱ्याचं तेल नाहीतर तूप, आणि कोरडा खोकला असेल तर पुदिना किंवा ओवा घालून वाफ. यातलं निम्मं आपल्या आजीच्या बटव्यात आधीपासून होतं, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. ही यादी प्रतिकारशक्तीसाठी होती, झालेला आजार बरा करण्यासाठी नव्हे, आणि तसं त्यात लिहिलेलंही होतं. पण व्हॉट्सॲपवर पोचेपर्यंत ते वाक्य गळालं. मग एकदोनदाचा काढा चार-पाच वेळा झाला, एप्रिल-मेच्या उन्हात मिरी-सुंठीने तोंडं आली, पित्तं उसळली आणि तरी माणसं नेटाने पीत राहिली. हातात करण्यासारखं दुसरं होतं काय?

खरं वळण आलं २७ एप्रिल २०२० ला. अगदी सौम्य लक्षणं असलेल्यांना घरी राहू द्यावं, अशी पहिली सूचना केंद्राने काढली. १० मे ला ती सुधारली आणि १७ दिवसांची मुदत घातली. २ जुलैला लक्षणं नसलेलेही त्यात आले आणि मुदत १० दिवसांवर आली. अटी कागदावर चोख होत्या. घरात वेगळं राहण्याची सोय हवी, चोवीस तास बघणारं माणूस हवं, डॉक्टरांशी संपर्क हवा आणि रुग्णाने हमीपत्र भरून द्यायला हवं. सोय म्हणजे वेगळी खोली, शक्यतो संडासही वेगळा. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे या अटीचं काय करायचं? धारावीत हा प्रश्न यंत्रणेने सरळ निकालात काढला. जिथे बहुतेक वस्ती सार्वजनिक संडासावर अवलंबून आहे तिथे घरात वेगळं ठेवणं शक्यच नाही, हे गृहीत धरून शाळा, लग्नाचे हॉल, क्रीडासंकुल ताब्यात घेतलं आणि माणसं तिकडे हलवली. धारावीचं जे कौतुक पुढे झालं त्यात हा भाग मोठा आहे. म्हणजे घरची काळजी ही सोय पहिल्या दिवसापासून ज्याच्याकडे जास्तीची खोली आहे त्याच्यासाठीच होती. हे तेव्हा कुणी फारसं बोलून दाखवलं नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली. पथकं घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत, मधुमेह-रक्तदाब विचारत होती. काम चांगलं झालं. फक्त नावातच जबाबदारी कुणाची ते ठरून गेलं होतं, आणि दुसऱ्या लाटेत त्याची वसुली झाली.

एप्रिल २०२१ मध्ये राज्यात सक्रिय रुग्ण ७ लाखांच्या आसपास गेले. रोजच्या पत्रकात गृह विलगीकरणातल्या व्यक्तींचा (बाधितांच्या संपर्कात आलेले धरून) आकडा ४० लाखांच्या घरात असायचा, आणि संस्थांमधला जेमतेम काही हजारांत. खाट मिळत नव्हती, मिळाली तर भीती वाटत होती. २१ एप्रिलला नाशिकमध्ये ऑक्सिजनची गळती होऊन किमान २२ रुग्ण दगावले, दोनच दिवसांनी विरारमध्ये अतिदक्षता विभागाला आग लागली. अशा दिवसांत घर हाच वॉर्ड झाला. राज्याच्या आरोग्य खात्याने सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघायचा, घरातल्या घरात सपाट फरशीवर सहा मिनिटं चालायचं, पुन्हा बघायचा. तीनपेक्षा जास्त घसरला किंवा ९३ च्या खाली गेला तर दवाखाना गाठायचा. साठीपुढच्यांनी तीनच मिनिटं चालायचं, दमेकऱ्यांनी ही चाचणी करायचीच नाही. पालथं झोपण्याची रीतही तेव्हाच घरोघर पोचली. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली, आणि जेवणानंतर तासभर नाही. ज्यांनी जन्मात थर्मामीटर वाचला नव्हता त्या बायका वहीत रकाने आखून वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी लिहीत होत्या. यंत्रावरचा ७८ हा नाडीचा आकडा ऑक्सिजनचा समजून रात्री एक वाजता धावपळ झालेली घरंही कमी नव्हती.

याच घरच्या वॉर्डात स्टेरॉइडही पोचलं. कुणाची तरी चिठ्ठी फोनवर फिरायची आणि त्यावरून गोळ्या आणल्या जायच्या, तिसऱ्याच दिवशी, साखर न तपासता. मे महिन्यात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण वाढले तेव्हा मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही जोडी डॉक्टर वारंवार सांगत होते. त्यात दवाखान्यांचाही वाटा होता, सगळं खापर घरच्यांवर फोडण्यात अर्थ नाही.

आता तो निर्णय. सरकारची बाजू साधी होती. घरी राहणारे नियम पाळत नाहीत, किराण्याला, शेतावर, दहाव्याला जातात, आणि एकामुळे घरची पाचही माणसं बाधित होतात. हे खोटं नव्हतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुणालाही विचारा, एका घरातून एकाच आठवड्यात दोघा-तिघांना निरोप दिल्याच्या हकिकती ऐकायला मिळतील. विलगीकरण कक्ष झेडपीच्या शाळेतच उघडला असेल, तर घरचा डबा पोचवता येतो आणि माणूस नजरेच्या टप्प्यात राहतो. अशा कक्षांसाठी ग्रामपंचायतींना वित्त आयोगाचा निधी वापरायची मुभा होती. जिथे गावाने मनावर घेतलं तिथे हे चाललंही. जूनच्या सुरुवातीला कोरोनामुक्त गावांसाठी ५० लाखांपर्यंतची बक्षिसं जाहीर झाली, तीही याच भरवशावर.

पण वेळ बघा. एप्रिलमध्ये खाटा नव्हत्या तेव्हा घर सुरक्षित होतं. मेअखेर सक्रिय रुग्ण निम्म्याहून कमी झाले, केंद्रं रिकामी व्हायला लागली, तेव्हा तेच घर धोकादायक ठरलं. निकष घर कसं आहे हा नव्हता, खाट रिकामी आहे की नाही हा होता, असं मला तरी वाटतं. एका जिल्ह्यात तीन खोल्यांचं कौलारू घर आणि एक खोलीचा पत्रा दोन्ही असतात. आदेशाने दोघांना एकाच मापात बसवलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार होता.

बायकांचा प्रश्न तर चर्चेत आलाच नाही. पनवेलच्या विलगीकरण केंद्रात जुलै २०२० मध्ये एका महिलेवर अत्याचार झाला होता. त्यानंतर ज्या घरातून तरुण मुलगी किंवा तान्हं बाळ असलेली आई केंद्रात पाठवायची होती, त्या घराने चाचणीच टाळली तर तो अडाणीपणा कसा म्हणायचा? चाचणी टाळणं हे १८९७ च्या माळ्याचंच नवं रूप होतं, आणि सक्तीचा हा परिणाम सव्वाशे वर्षांपूर्वीच दिसून गेलेला होता. निर्णयाला पुढे अपवाद आले, शहरांचं वेगळं, ग्रामीण भागाचं वेगळं, आणि अंमल जिल्ह्यागणिक बदलत गेला.

हे सगळं दारोदार जाऊन समजावायचं काम आशा ताईंकडे होतं. राज्यात त्या तेव्हा जवळपास ७० हजार होत्या. कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला १,००० रुपये मिळत. त्या १५ जून २०२१ पासून संपावर गेल्या, तेव्हा कुठे घरच्या विलगीकरणाचा पत्ता-पत्ता कुणाच्या वहीत होता हे यंत्रणेच्या लक्षात आलं.

जानेवारी २०२२ च्या लाटेत हा वाद परत पेटला नाही. ५ जानेवारीला मुदत सात दिवसांवर आली आणि बहुतेकांनी ती घरीच काढली. तोवर २५० रुपयांचं घरगुती चाचणीचं किट मिळायला लागलं होतं, त्याला मे २०२१ मध्येच मान्यता मिळाली होती. लोक नाकात काडी घालून स्वतःच निकाल बघत, दोन रेषा आल्या तर ऑफिसला कळवत आणि सरकारी ॲपवर नोंद करायची राहून जाई. म्हणून मुंबईत औषध दुकानदारांना किट नेणाऱ्यांची नोंद ठेवून पालिकेला कळवायला सांगण्यात आलं.