ल्यूनेबुर्गर हायडे

उत्तर जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात हांबुर्ग, ब्रेमेन आणि हानोफर या शहरांच्या मधोमध पसरलेला, हेदर या जांभळ्या फुलांच्या खुज्या झुडपाच्या माळांचा व जंगलांचा प्रदेश. जर्मन भाषेत 'हायडे' म्हणजे निकस, आम्लधर्मी वाळूवर वाढणाऱ्या खुज्या झुडपांचा उघडा माळ. येथील सुमारे २३४ चौ. किमी. क्षेत्र १९२१ पासून संरक्षित आहे. त्यातला निम्म्याहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे, हे जांभळ्या माळांची छायाचित्रे पाहून आलेल्या प्रवाशाला बहुधा ठाऊक नसते.

हा माळ मुळात जंगलच होता. ल्यूनेबुर्ग शहरात खारे पाणी उकळून मीठ काढत. त्या भट्ट्यांसाठी झाडे तोडली आणि माळ उरला, असे नेहमी सांगतात. पण एवढ्याने उलगडा होत नाही. नवाश्मयुगापासून येथे जंगलतोड आणि चराई चालू होती. पुढे शेतकरी हेदर मुळांसकट, मातीच्या थरासह खरवडून गोठ्यात अंथरत आणि शेणमूत्र मुरलेले ते अंथरूण शेतात खत म्हणून टाकत. माळ त्यामुळे आणखी निकस होत गेला आणि नेमक्या अशाच जमिनीत हेदर फोफावते. वाटेकडेला जमीन कापलेली दिसली, तर थांबून अवश्य पाहावी : वर काळपट थर, त्याखाली राखेसारखी फिकट वाळू आणि त्याही खाली गंजाच्या रंगाचा घट्ट थर. पावसाच्या आम्लयुक्त पाण्याने वरचे लोह धुऊन खाली नेल्याची ही खूण. या मातीला पॉडझॉल म्हणतात.

चराई थांबली की काही वर्षांतच भूर्ज आणि पाइनची रोपे माळावर डोके वर काढतात. ती खुडण्याचे काम हायडश्नुके जातीच्या मेंढ्या करतात. अंगावर करडी लोकर, तोंड व पाय काळे आणि नर-मादी दोघांनाही शिंगे असा त्यांचा थाट. कोकरे मात्र जन्मतः काळी असतात. हेदर कुरतडले गेल्याने त्याला नवे धुमारे फुटतात. मेंढ्यांच्या चालण्याने झुडपांतली कोळिष्टके तुटतात आणि मधमाश्यांची वाट मोकळी होते, असे मधपाळ सांगतात. हेदरचा मध जेलीसारखा घट्ट असतो. ढवळला की पातळ होतो, ठेवला की पुन्हा घट्ट.

एकोणिसाव्या शतकात कृत्रिम खते आली, मेंढ्या कमी झाल्या आणि माळांवर पाइनची लागवड होऊ लागली. एगेस्टोर्फ गावचे पाद्री विल्हेल्म बोडे यांनी १९०६ मध्ये टोटेनग्रुंड हे खोलगट खोरे विकत घेण्याची व्यवस्था केली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या निसर्गोद्यान संघाने पुढे आणखी जमिनी घेतल्या. आजचा माळ टिकला तो या खरेदीमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर काही भागावर ब्रिटिश रणगाड्यांचा सराव चाले. तो १९९४ मध्ये थांबला आणि उखणलेल्या वाळूवर हेदर पुन्हा रुजवण्यात आले.

बहर साधारण ८ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर, असा स्थानिक ठोकताळा आहे. उंडेलो गावातून विल्सेडे या खेड्याला सुमारे ४ किमी. पायी, सायकलने किंवा घोडागाडीने जाता येते. प्रवाशांच्या मोटारींना तेथे मज्जाव आहे. पुढे विल्सेडर बेर्ग हा १६९ मी. उंचीचा माथा लागतो. गणितज्ञ गाउस यांनी हानोफरच्या भूमापनात त्याचा उपयोग केला होता. गर्दी टाळायची तर पहाटे निघावे : धुक्यात ज्युनिपरची उभी झुडपे दुरून माणसांसारखी भासतात आणि दव धरलेले प्रत्येक कोळिष्टक दिसते. उन्हाळ्याच्या तिन्हीसांजेला जंगलाच्या कडेने रातवा या पक्ष्याची घरघर ऐकू येते. तो जमिनीवरच अंडी घालतो. म्हणून वाट सोडू नये आणि कुत्रा दोरीला बांधलेला असावा. परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे गुडघ्यामागे आणि काखेत तपासावे. तिच्या चाव्यातून लाइम हा जिवाणूजन्य रोग होऊ शकतो.