उंबरठ्याबाहेरचा गोमंतकीय : एक पार्श्वभूमी

गोव्याविषयीच्या प्रवासलेखनात प्रवासी नेहमी बाहेरून येतो आणि गोमंतकीय मात्र त्याच्या स्वागताला दारात उभा असतो. चौदाव्या शतकात इब्न बतूता या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा अरब दर्यावर्दी याला सिंदाबूर म्हणत. 1583 मध्ये आलेल्या लिन्सखोटेन या डच तरुणाने आर्चबिशपच्या पदरी पाच वर्षे लेखनिकाचे काम केले आणि मायदेशी परतल्यावर पूर्वेच्या सागरी वाटांची बित्तंबातमी छापून पोर्तुगीजांच्या मक्तेदारीलाच सुरुंग लावला. 1623 मध्ये इटलीचा पिएत्रो देल्ला व्हाल्ले आला, आणि पोर्तुगीज राजवटीतून गोवा मुक्त झाल्यानंतरच्या दशकात हणजुणे-कळंगुटच्या वाळूत हिप्पींनी पथाऱ्या टाकल्या. ही नामावळी पर्यटनाच्या पुस्तिकांतून आपल्याला पाठ झाली आहे. याच काळात खुद्द गोव्याचा माणूस कुठे कुठे जात होता आणि तिथे काय पाहत होता, हा इतिहास मात्र तुकड्यातुकड्यांनीच सांगितला जातो.

या भटकंतीचा आरंभ हौसेतून झालेला नाही. तो देवांच्या पालख्यांपासून झाला, असे म्हणणे अधिक खरे होईल. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, देवळे पाडली जाऊ लागली आणि 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, स्थापना झाली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, कारण अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा परिसर, त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. देवांमागून माणसे निघाली आणि त्यांतली अनेक कुटुंबे कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत पसरली. हे विस्थापन होते, त्याला प्रवास म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही घर एका प्रांतात, कुलदैवत दुसऱ्या प्रांतात आणि मूळ गाव केवळ आडनावात, अशी जी स्थिती त्यातून निर्माण झाली, तिने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना वाटेला लावले. आजही अंत्रुजातल्या देवळांच्या अग्रशाळांत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासांत, कानडी किंवा मल्याळी वळणाची कोंकणी कानांवर पडते, ती याच इतिहासाची खूण आहे.

धर्मांतरित गोमंतकीयांना चर्चने वेगळी वाट दाखवली. बाणावलीला जन्मलेले पाद्री जुझे व्हाज 1687 मध्ये डचांच्या अमलाखालच्या श्रीलंकेत मजुराच्या वेषात शिरले, तमिळ आणि सिंहली शिकले आणि 1711 मध्ये कँडीतच वारले. कांदोळीचा आबे फारिया 1771 मध्ये वडिलांबरोबर लिस्बनला गेला, रोममध्ये शिकला आणि पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून गाजला. पणजीतल्या त्याच्या पुतळ्यासमोर छायाचित्र काढून घेणाऱ्यांना हा नाट्यमय हातवारे करणारा गृहस्थ गोव्याचाच, हे बहुधा ठाऊक नसते.

या सर्व प्रवासांमागे सक्ती, सेवा किंवा महत्त्वाकांक्षा होती. निव्वळ जाणून घेण्याच्या ओढीने घर सोडलेला, आणि त्या ओढीची हकिकत मराठीत लिहून ठेवणारा गोमंतकीय पाहायचा झाला, तर सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींपाशी थांबावे लागते. 1876 मध्ये जन्मलेल्या या माणसाचे औपचारिक शिक्षण जुजबी होते आणि त्याच्यावर कुटुंबाची आणि नारळी बागायतीची जबाबदारी होती. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धाविषयीचा लेख वाचून त्याच्या मनाने घेतले, की ज्या धर्माचा उगम याच भूमीत झाला आणि जो याच भूमीत नाहीसा झाला, तो मुळातून जाणून घ्यायचा. 1899 च्या अखेरीस, पत्नी आणि लहान मुलगी मागे ठेवून, त्यांनी गाव सोडले. कोसंबींच्या मोठेपणाविषयी बोलताना त्या दोघींनी काढलेल्या वर्षांकडे आपण फारच सहज दुर्लक्ष करतो, हेही इथे नोंदवले पाहिजे.

पुण्यात त्यांना रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन लाभले. तिथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीला पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकू लागले. बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने त्यांनी नेपाळ गाठले, पण तिथे जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली. मग बोधगया, कलकत्ता, मद्रास असे करीत 1902 मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी दाखल झाले आणि पाली शिकता शिकता त्यांनी श्रामणेर, म्हणजे नवशिक्या बौद्ध भिक्षूची, दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातील विहारांतही ते राहिले. अनोळखी अन्न, न झेपणारे हवामान, वारंवारची आजारपणे आणि खिशात जेमतेम पुढच्या मुक्कामापुरते पैसे, असा हा प्रवास होता. त्यात स्थलदर्शनाला जागा नव्हती. परक्या भाषेत दिवस काढणे, परक्यांच्या शिस्तीत उठणे-बसणे आणि आपल्या जातीच्या सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना एकेक करून वाटेत टाकून देणे, हीच त्यांची संस्कृतिशोधनाची रीत होती.

1906 मध्ये चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, उतरवून ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. महाराष्ट्रात राहून काम करावे म्हणून सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा 50 रुपयांची वृत्ती दिली. 1910 मध्ये हार्वर्डहून बोलावणे आले, ते बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. ते काम हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने हाती घेतले होते, आणि कोसंबींनी ज्या वर्षी गोवा सोडला, त्याच वर्षी तो अमेरिकेत वारला होता. सिंहली आणि बर्मी लिपींतील पोथ्या वाचू शकणारा सांखवाळचा हा बागायतदार ते काम पुरे करायला 1910 च्या त्या फेरीनंतर आणखी तीनदा अमेरिकेला गेला, मध्येच लेनिनग्राडलाही राहून आला, आणि 1947 च्या जूनमध्ये सेवाग्रामला त्याने प्रायोपवेशनाने, म्हणजे अन्नत्याग करून, देह ठेवला.

सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी हे याच वाटेचे पुढचे वाटसरू होत. त्यांची धाव देशापुरतीच राहिली, पण त्या पायपिटीतून आणि वाचनातून भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे राहिले.

मात्र लेखणी हाती असलेल्यांचीच भटकंती इतिहासात जमा करायची, तर ज्यांनी सर्वांत अधिक जग पाहिले, ते तारवटी, म्हणजे जहाजावरचे नोकर, बाहेरच राहतात. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात ब्रिटिश पलटणी गोव्यात तळ ठोकून होत्या, आणि त्यांच्या सहवासातून ख्रिस्ती गोमंतकीयांना मुंबईची व ब्रिटिश नोकरीची वाट दिसली. पुढे आगबोटी आल्या आणि बार्देस-साष्टीतील घरटी एक-दोन पुरुष ‘तारवार’ जाऊ लागले, म्हणजे जहाजावर स्वयंपाकी, वाढपी किंवा खलाशी म्हणून लागले. गावच्या पाद्री शाळेत सूर-ताल शिकलेले वाजंत्री संस्थानिकांच्या बँडपासून मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंपर्यंत पोहोचले, तर कारकून आणि शिंपी झांझिबार-नैरोबीला गेले. तारवट्यांच्या बोटी मोंबासा, लंडन, सिंगापूर अशा बंदरांना लागत. परतताना ते चिनी मातीची भांडी, परदेशी रेकॉर्डी आणि चार भाषांतल्या शिव्या घेऊन येत, पण लिहून ठेवत नसत. त्यांनी पाहिलेले जग घरच्या रांदणीत (स्वयंपाकघरात), कांतारांमध्ये (कोंकणी गाण्यांत) आणि तियात्र या कोंकणी नाट्यप्रकारातल्या विनोदांत मुरले आणि तिथून ते पुन्हा वेगळे काढणे अवघड आहे.

बोट मिळेपर्यंत हे लोक मुंबईत धोबीतलाव-दाबूळ परिसरातल्या कुडींत राहत. कूड म्हणजे एकेका गावाचे सामाईक बिऱ्हाड. तिथे एक मोठा दिवाणखाना, एका टोकाला गावच्या संताची वेदी, रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणण्याचा नेम आणि रात्री जमिनीवर अंथरूण असे. माणूस समुद्रावर गेला की त्याची पेटी मात्र भिंतीलगत नाव घालून ठेवलेली राही. यांतल्या काही कुडी अजून चालू आहेत आणि आता क्रूझ जहाजांवर निघालेली मुले वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांसाठी तिथे चार दिवस उतरतात. भिंतीलगतच्या पेट्यांची रांग अजूनही तशीच असते.